सर्व्हरवरची गिट ब्रँच मागच्या कमिटवर कशी न्यावी : नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी आमचे छोटे कार्यालय उत्पादनाची आणि मजुरीची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली सांभाळते. कोणत्या मागावर किती नग निघाले याची रोज नोंद होते आणि आठवड्याच्या शेवटी तिच्यावरून मजुरी निघते. काही वर्षांपूर्वी मी त्या हिशेबात पैसे पूर्णांकात आणण्याचा एक बदल केला आणि तो गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या, मेन (मुख्य) ब्रँचवर पुश केला, म्हणजे सर्व्हरवर चढवला. पूर्णांक आठवड्याच्या एकूण रकमेवर करायचा होता, पण मी तो नगाच्या दरावरच केला होता. त्यामुळे ४ रुपये ४० पैसे दराने ३०० नग काढणाऱ्या कामगाराच्या चिठ्ठीवर १३२० रुपयांऐवजी १२०० रुपये छापले गेले. चूक तासाभरात ध्यानात आली. ब्रँच आधीच्या कमिटवर (कमिट म्हणजे इतिहासात नोंदवलेला एकेक बदल) नेली की झाले, असे समजून मी कुठेतरी वाचलेली एक आज्ञा सक्तीच्या पर्यायासह चालवली, आणि माझ्या चुकीबरोबर माझ्या सहकारी बाईंचे तीन कमिटही सर्व्हरवरून गेले. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, त्या रजेवर होत्या आणि त्यांचा लॅपटॉप घरी बंद होता. ते काम परत मिळाले, परंतु त्यासाठी दोन दिवस वाट पाहावी लागली.

पुढील लेख त्या दोन दिवसांत आणि त्यानंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे. सोलापुरातल्या लहान कार्यालयांत नुकतेच कामाला लागलेल्यांना, किंवा येथे घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी काम करणाऱ्यांना, तो टर्मिनलशेजारी उघडून ठेवता यावा अशा क्रमाने लिहिला आहे.

आज्ञांविषयी आधी एक खुलासा करतो. या लेखात सर्व आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. अपवाद ‘हेड’ या शब्दाचा (म्हणजे तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात तो), तो मोठ्या अक्षरांत लिहावा; शेवटच्या पायरीत आणखी एक अपवाद येईल. पर्यायाच्या आधी दोन आडव्या रेघा असतील तेथे दोनच द्याव्यात आणि त्यांच्यामध्ये जागा सोडू नये. ‘चांगला-क्रमांक’, ‘जुना-क्रमांक’ असे मराठी शब्द दिसतील तेथे तुमच्या कमिटचा हॅश, म्हणजे गिटने त्याला दिलेला ओळख-क्रमांक, भरायचा आहे. मुख्य ब्रँचचे नाव मी ‘मेन’ धरले आहे. जुन्या रेपॉझिटरींत (रेपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि इतिहास ठेवलेली जागा) ते ‘मास्टर’ असू शकते.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

– गिटची २.२३ किंवा त्यानंतरची आवृत्ती. ‘स्विच’ (ब्रँच बदलणारी) आणि ‘रिस्टोअर’ (फाइली जुन्या अवस्थेत आणणारी) या आज्ञा त्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहेत. ‘गिट --व्हर्जन’ चालवून खात्री करून घ्यावी.
– रेपॉझिटरीत पुश करण्याचा अधिकार, आणि ब्रँच संरक्षित (तिच्यावर पुश करण्यास बंधन घातलेली) असेल तर तिच्या सेटिंगचा अधिकार कोणाकडे आहे याची माहिती.
– ज्या कमिटपर्यंत सर्व ठीक होते त्याचा हॅश. पूर्ण हॅश ४० अक्षरांचा असतो. पहिली सात-आठ अक्षरे बहुधा पुरतात, पण या कामात मी पूर्ण हॅशच वापरतो.
– त्या ब्रँचवर काम करणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर. हा मुद्दा गमतीने लिहिलेला नाही.

१. प्रथम सर्वांना थांबवा

तुम्ही ब्रँच मागे नेत असताना दुसऱ्या कोणी तिच्यावर पुश केले तर गोंधळ दुप्पट होतो. म्हणून पहिला संदेश टर्मिनलला न देता माणसांना द्यावा: ‘मेनवर अर्धा तास कोणी पुश करू नये, आणि मी सांगेपर्यंत पुलही करू नये.’ (पुल म्हणजे सर्व्हरवरचे बदल आणून आपल्या प्रतीत मिसळणे.) पुश झाल्यावर नवी आवृत्ती आपोआप चालू सर्व्हरवर चढत असेल, तर ती यंत्रणाही तात्पुरती बंद ठेवावी. चूक आपली असली की हा संदेश पाठवायला जीवावर येते आणि कोणाला कळण्याआधी गुपचूप निस्तरावे असे वाटते. मीही तेच केले होते.

२. सर्व्हरवर आत्ता काय आहे ते पाहा

तुमच्या लॅपटॉपवरची मेन आणि सर्व्हरवरची मेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या लॅपटॉपला सर्व्हरची जी अवस्था ठाऊक असते ती शेवटच्या फेचच्या वेळची असते. म्हणून आधी फेच करून ताजी माहिती आणावी (‘ओरिजिन’ हे सर्व्हरवरच्या रेपॉझिटरीचे नाव आहे):

गिट फेच ओरिजिन
गिट स्टेटस
गिट लॉग --वनलाइन --ग्राफ ओरिजिन/मेन

शेवटच्या आज्ञेत नुसते ‘मेन’ न लिहिता ‘ओरिजिन/मेन’ लिहिले आहे, कारण आपल्याला सर्व्हरवरचा इतिहास पाहायचा आहे. यादीत सर्वांत वर दिसणारा कमिट म्हणजे ब्रँचचे आजचे टोक. त्याचा पूर्ण हॅश पुढील आज्ञेने मिळवून एखाद्या फाइलमध्ये चिकटवून ठेवावा. लेखात यापुढे त्यालाच ‘जुना-क्रमांक’ म्हटले आहे:

गिट रेव्ह-पार्स ओरिजिन/मेन

आता खाली उतरत चांगला कमिट शोधावा. केवळ संदेश वाचून ठरवू नये, कारण ‘किरकोळ दुरुस्ती’ या नावाखाली काय काय दडलेले असते हे मला माझ्याच कमिटांवरून ठाऊक आहे. ‘गिट शो --स्टॅट’ आणि पुढे क्रमांक असे लिहिल्यास त्या कमिटमध्ये कोणत्या फाइली बदलल्या ते दिसते. चांगला कमिट आणि टोक यांच्यामध्ये जेवढे कमिट आहेत त्यांचे लेखक कोण हेही येथेच पाहावे. मधल्या एकाही कमिटवर दुसऱ्याचे नाव असेल, तर चौथ्या पायरीतला तुमचा निर्णय जवळपास तेथेच झालेला असतो.

‘गिट स्टेटस’मध्ये कमिट न केलेले बदल दिसत असतील तर ते आत्ताच कमिट करावेत किंवा ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवावेत. पुढे येणारी हार्ड रिसेटची आज्ञा असे बदल न विचारता पुसून टाकते, आणि जे कधी कमिट केले नाही, स्टॅशमध्ये ठेवले नाही, साधे ‘गिट अ‍ॅड’ही केले नाही, ते गिटकडे मुळात नोंदलेलेच नसते. या संपूर्ण लेखात खरोखर कायमची हरवू शकणारी वस्तू बहुधा हीच आहे.

३. परतीची खूण ठेवा

गिट ब्रँच बॅकअप-मेन ओरिजिन/मेन
गिट पुश ओरिजिन बॅकअप-मेन

या दोन ओळींनी आजच्या बिघडलेल्या टोकावर एक वेगळी ब्रँच उभी राहते, आणि तीही सर्व्हरवर. ब्रँच म्हणजे गिटच्या दृष्टीने एका कमिटकडे बोट दाखवणारे नाव असते, त्यामुळे ती तयार करण्यास जागाही लागत नाही आणि वेळही लागत नाही. पुढे काहीही चुकले तरी त्या नावावरून सर्व काही परत आणता येते. मी त्या दिवशी दुसऱ्या पायरीतले फेच करून एवढ्या दोन ओळी लिहिल्या असत्या, तर सहकारी बाईंचे तीन कमिटही माझ्या डोळ्यांसमोर आले असते आणि या खुणेत राहिले असते.

४. कोणता मार्ग घ्यायचा ते ठरवा

मागे जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि नवोदितांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, कारण दोन्हींचा शेवटचा परिणाम, म्हणजे फाइलींची अवस्था, सारखीच दिसते.

रिव्हर्ट या मार्गात चुकीचा कमिट इतिहासात तसाच राहतो आणि त्याच्या नेमका उलट बदल करणारा एक नवा कमिट वर चढतो. रिसेट या मार्गात ब्रँचचे टोकच उचलून मागच्या कमिटवर ठेवले जाते, आणि मधले कमिट त्या ब्रँचच्या इतिहासातून नाहीसे होतात. कारखान्याच्या दिवाणजींना हा फरक समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवले. वहीत चुकीची रक्कम पडली तर ती खोडायची नसते, खाली उलट नोंद टाकून बाकी शून्य करायची असते, म्हणजे तपासणीला येणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. पान फाडले तर वहीवरचा विश्वासच जातो, असे ते म्हणाले. रिव्हर्ट म्हणजे उलट नोंद, आणि रिसेट करून सक्तीने पुश करणे म्हणजे पान फाडणे. मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते.

वहीपेक्षा गिटची अडचण आणखी एका कारणाने मोठी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट लिहिले तेव्हा एका मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून राहायचे नाही, प्रत्येकाकडे इतिहासाची संपूर्ण प्रत असावी, अशी त्याची रचना केली. त्यामुळे सर्व्हरवरचे पान तुम्ही फाडले तरी ज्याने ज्याने ते आधी पुल केले आहे त्याच्याकडे ते शिल्लक असते, आणि त्याने पुढच्या वेळी पुल-पुश केले की ते सर्व्हरवर परत येऊन चिकटते.

यावरून मी पाळतो तो नियम असा: ब्रँचवरचे चुकीचे कमिट दुसऱ्या कोणीही घेतलेले असण्याची शक्यता असेल तर रिव्हर्ट. ब्रँच एकट्या तुमची असेल, किंवा सर्वांशी बोलून प्रत्येकाची तयारी असल्याची खात्री झाली असेल, तरच रिसेट. मेन ब्रँचवर मी गेल्या कित्येक वर्षांत रिसेट केलेला नाही.

चुकून पासवर्ड किंवा गुप्त किल्ली पुश झाली असेल तर काय, असा प्रश्न नेहमी येतो. रिव्हर्टने ती इतिहासात वाचता येतेच, आणि रिसेटनंतरही ती इतरांच्या प्रतींत व काही काळ सर्व्हरच्या पोटात राहू शकते. तेथे पहिले काम तो पासवर्ड बदलण्याचे आहे. ब्रँचचे नंतर पाहावे.

सबव्हर्जन हे गिटसारखेच दुसरे साधन वापरून आलेल्यांसाठी एक इशारा: तेथील रिव्हर्ट कमिट न केलेले स्थानिक बदल टाकून देतो. गिटमधील रिव्हर्टचा त्याच्याशी नावापुरताच संबंध आहे.

५. पहिला मार्ग : रिव्हर्ट

आधी स्थानिक मेन सर्व्हरच्या बरोबरीला आणावी:

गिट स्विच मेन
गिट पुल --एफएफ-ओन्ली

दुसरी आज्ञा नकार देत असेल तर तुमच्या मेनवर पुश न केलेले कमिट आहेत असे समजावे, आणि त्यांचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चुकीचा कमिट एकच असेल तर काम सोपे आहे:

गिट रिव्हर्ट चुकीचा-क्रमांक

मजकूर लिहिण्याचा संपादक (टेक्स्ट एडिटर) उघडतो आणि तयार संदेश दिसतो. तो तसाच ठेवून खाली एक-दोन ओळींत कारण लिहावे, उदाहरणार्थ ‘पूर्णांक नगाच्या दरावर होत होता, एकूण रकमेवर हवा’. सहा महिन्यांनी हाच संदेश शोधला जातो.

चांगल्या कमिटनंतरचे सर्वच कमिट उलटवायचे असतील तर दोन टिंबांनी पल्ला देता येतो:

गिट रिव्हर्ट --नो-एडिट चांगला-क्रमांक..हेड

या पल्ल्यात डावीकडचा कमिट धरला जात नाही. म्हणून डावीकडे शेवटचा चांगला कमिट लिहायचा असतो; तेथे पहिला चुकीचा कमिट लिहिला तर नेमका तोच सुटतो, इतर सर्व उलटतात, आणि चूक अजून का दिसते आहे हे कळेनासे होते. गिट नव्यापासून जुन्याकडे जात एकेक उलट कमिट करते. मध्येच कॉन्फ्लिक्ट (एकाच जागचे एकमेकांशी न जुळणारे बदल) आला तर त्या फाइली दुरुस्त करून ‘गिट अ‍ॅड’ करावे व ‘गिट रिव्हर्ट --कंटिन्यू’ चालवावे. घाबरायला झाले तर ‘गिट रिव्हर्ट --अ‍ॅबॉर्ट’ने सुरुवातीच्या जागी परतता येते.

मधल्या कमिटांत एखादा मर्ज (दोन ब्रँच एकत्र करणारा कमिट) असेल तर वरील आज्ञा अडते आणि मर्जसाठी -एम पर्याय दिलेला नाही अशी तक्रार करते. मर्ज कमिटला दोन पालक असतात, आणि त्यांपैकी कोणत्या बाजूला परत जायचे ते गिटला आपण सांगावे लागते. मेनवर असताना दुसरी ब्रँच मर्ज केली असेल तर मेनची बाजू ही पहिली असते:

गिट रिव्हर्ट -एम १ मर्ज-क्रमांक

येथे एक सापळा आहे आणि तो अनेक आठवड्यांनी उघडतो. मर्ज असा उलटवल्यानंतर त्या मूळ ब्रँचवर दुरुस्ती करून तुम्ही ती पुन्हा मर्ज केली, तर फक्त नवी दुरुस्ती मेनमध्ये येते, आधीचे काम येत नाही. कारण गिटच्या हिशेबी ते कमिट मेनच्या इतिहासात आधीपासूनच आहेत. अशा वेळी आधी त्या रिव्हर्ट कमिटचाच रिव्हर्ट करावा लागतो आणि मग नवी दुरुस्ती मर्ज करावी लागते. ऐकताना विनोदी वाटते, पण रीत हीच आहे.

मर्ज अनेक असतील आणि एकेक उलटवण्यात अर्थ नसेल, तर मी एक वेगळी आणि माझ्या मते अधिक स्वच्छ वाट घेतो. चांगल्या कमिटवेळी सर्व फाइली जशा होत्या तशाच्या तशा समोर आणायच्या आणि तो एकच नवा कमिट करायचा:

गिट रिस्टोअर --सोर्स=चांगला-क्रमांक --स्टेज्ड --वर्कट्री .
गिट कमिट

पहिल्या ओळीच्या शेवटचे टिंब आज्ञेचाच भाग आहे, आणि ती आज्ञा प्रकल्पाच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये उभे राहूनच चालवावी, अन्यथा तेवढ्याच फोल्डरपुरते काम होते. चांगल्या कमिटनंतर नव्याने आलेल्या फाइलीही यात काढून टाकल्या जातात. जुन्या पद्धतीच्या चेकआउट आज्ञेने त्या तशाच मागे राहत, आणि अशी मागे राहिलेली एखादी फाइल पुढे फार सतावते.

कोणतीही वाट घेतली तरी पुश करण्यापूर्वी ही तपासणी करावी:

गिट डिफ चांगला-क्रमांक हेड

सर्व काही मागे न्यायचे असेल तर या आज्ञेने एक अक्षरही छापू नये. कोरा पडदा दिसला की ‘गिट पुश ओरिजिन मेन’. सक्ती लागत नाही, कोणाचे काही जात नाही, आणि सहकाऱ्यांना नेहमीप्रमाणे पुल करता येते. सातवी पायरी तुम्हाला लागू नाही.

६. दुसरा मार्ग : रिसेट आणि सक्तीचा पुश

आपल्या एकट्याच्या ब्रँचसाठी हा मार्ग अगदी योग्य आहे, त्यामुळे तो टाळायला सांगत नाही. सांभाळून वापरायला सांगतो. खाली ब्रँचचे नाव ‘मजुरी-दुरुस्ती’ धरले आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत जेथे मेन लिहिले होते तेथेही हेच नाव घालून जुना-क्रमांक आणि बॅकअप याच ब्रँचचे घ्यावेत.

गिट स्विच मजुरी-दुरुस्ती
गिट रिसेट --हार्ड चांगला-क्रमांक
गिट लॉग --वनलाइन

आतापर्यंत जे झाले ते केवळ तुमच्या लॅपटॉपवर झाले आहे. साधा पुश केल्यास सर्व्हर तो नाकारतो आणि तुमची ब्रँच मागे आहे, आधी पुल करा, असे सुचवतो. ही सूचना येथे ऐकायची नाही. पुल केले की जे काढले तेच परत येते, आणि नवोदित या फेऱ्यात दोन-तीनदा तरी सापडतात.

सक्तीसाठी ‘--फोर्स’ हा पर्याय सर्वांना ठाऊक असतो, आणि माझा घात त्यानेच केला. सर्व्हरवर मधल्या काळात काय आले आहे हे तो पाहतच नाही. त्याऐवजी हे लिहावे:

गिट पुश --फोर्स-विथ-लीज=मजुरी-दुरुस्ती:जुना-क्रमांक ओरिजिन मजुरी-दुरुस्ती

याचा अर्थ असा की सर्व्हरवरचे टोक अजून जुना-क्रमांक हेच असेल तरच ते बदलावे. दरम्यान कोणी काही पुश केले असेल तर माझा पुश नाकारावा. क्रमांक न देता नुसते ‘--फोर्स-विथ-लीज’ लिहिले तरी चालते, पण तेव्हा गिट तुमच्या शेवटच्या फेचवर विसंबते. अनेक संपादक पार्श्वभूमीत आपोआप फेच करत राहतात. सहकाऱ्याचा नवा कमिट असा तुमच्या नकळत फेच झालेला असेल, तर हे संरक्षण गळून पडते आणि उरते ती साधी सक्ती. दुसऱ्या पायरीत हॅश लिहून ठेवायला सांगितला तो यासाठी.

या पायरीवरचे आणखी काही खड्डे, पटकन सांगतो.

ब्रँचचे नाव नेहमी स्पष्ट लिहावे. गिट २.० पूर्वी, नाव न देता पुश केल्यास दोन्हीकडे समान नाव असलेल्या सर्व ब्रँच पुश होत असत, आणि कोणाच्या जुन्या सेटिंगमध्ये ती सवय आजही असू शकते. त्यात सक्ती मिसळली तर किती ब्रँच मागे जातील याचा नेम नाही.

काही जण स्थानिक ब्रँचला हात न लावता ‘गिट पुश ओरिजिन चांगला-क्रमांक:ब्रँच’ अशी आज्ञा सक्तीसह देतात. ती बरोबर आहे. मात्र अपूर्णविरामाच्या डावीकडचा क्रमांक चिकटवायचा राहिला आणि तेथे काहीच उरले नाही, तर गिट त्याचा अर्थ ‘ही ब्रँच सर्व्हरवरून काढून टाक’ असा घेते.

ब्रँच संरक्षित असेल तर सर्व्हर सक्तीलाही दाद देत नाही. गिटलॅब आणि गिटहब या रेपॉझिटरी ठेवण्याच्या सेवा आहेत; गिटलॅबवर मुख्य ब्रँच मुळातच संरक्षित असते. गिटहबवर संरक्षणाचा नियम लावला की सक्तीचा पुश बंद होतो. संरक्षण उघडायचे असेल तर ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने ते उघडावे, तुमचा पुश होईपर्यंत शेजारी थांबावे आणि लगेच पुन्हा लावावे. ‘उद्या लावतो’ म्हटलेले संरक्षण कधीच लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जाते आणि राउटर बंद पडतो. पुश चालू असताना असे झाले तर ब्रँच अर्धवट अवस्थेत अडकत नाही. तिचे टोक हललेले तरी असते किंवा नसते. वीज आल्यावर आधी ‘गिट फेच ओरिजिन’ करून टोक कोठे आहे ते पाहावे, आणि मगच आज्ञा पुन्हा द्यावी.

७. रिसेटनंतर सहकाऱ्यांनी काय करायचे

ब्रँच दोघा-तिघांची असेल आणि सर्वसंमतीने रिसेट केला असेल, तर तुमचे काम पुशवर संपत नाही. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर जुना इतिहास आहे, आणि तेथे नेहमीच्या सवयीने पुल झाले तर जुने कमिट तसेच राहतात, किंवा नव्या टोकावर आणखी कमिट आले असतील तर बऱ्याच ठिकाणी जुना व नवा इतिहास एकमेकांत मर्ज होतो. त्यानंतरचा पुश सर्व्हर कुरकुर न करता स्वीकारतो, आणि काढलेले कमिट परत येतात. म्हणून प्रत्येकाने पुढील क्रम पाळावा:

गिट फेच ओरिजिन
गिट स्विच मजुरी-दुरुस्ती
गिट ब्रँच माझे-काम
गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/मजुरी-दुरुस्ती

कमिट न केलेले बदल असल्यास याआधी स्टॅश करावा हे येथेही लागू आहे. ज्याच्याकडे पुश न केलेले स्वतःचे कमिट असतील त्याने ते ‘माझे-काम’ या ब्रँचवरून ‘गिट चेरी-पिक’ने एकेक उचलावेत. संख्या जास्त असेल तर हे एकाच आज्ञेत होते:

गिट रिबेस --ऑन्टो ओरिजिन/मजुरी-दुरुस्ती जुना-क्रमांक माझे-काम

म्हणजे जुन्या टोकानंतरचे माझे जेवढे कमिट आहेत तेवढेच नव्या टोकावर चढवावेत. येथे पुन्हा तोच जुना-क्रमांक लागतो, म्हणून तो संदेशात सर्वांना पाठवून ठेवावा. ज्याच्याकडे स्वतःचे काहीच नाही, अशा नवख्या सहकाऱ्याला मी रेपॉझिटरी नव्याने क्लोन करायला, म्हणजे सर्व्हरवरून तिची पूर्ण नवी प्रत घ्यायला, सांगतो. त्यात मागासलेपणा नाही.

८. चालू प्रणालीकडे विसरू नका

ब्रँच मागे गेली म्हणून चालू सर्व्हरवरची प्रणाली मागे जात नाही. ती पुन्हा चढवावी लागते. डेटाबेस तर गिटच्या कक्षेतच येत नाही. चुकीच्या कमिटबरोबर एखाद्या तक्त्यात नवा रकाना आला असेल, किंवा चुकीच्या हिशेबाने रकमा साठवल्या गेल्या असतील, तर त्या वेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात. आमच्या बाबतीत कोड पंधरा मिनिटांत मागे गेला, परंतु त्या एका तासात छापलेल्या मजुरीच्या चिठ्ठ्या एकेक काढून बदलण्यात संध्याकाळ गेली, आणि ते काम दिवाणजींसमोर बसून केले.

९. तरीही काही हरवलेच तर

चुकून सक्तीचा पुश झाला आणि खूण ठेवलेली नाही, तर टर्मिनलची खिडकी बंद करू नये. सक्तीच्या पुशनंतर जी ओळ उमटते तिच्या सुरुवातीला अधिकचे चिन्ह असते, मग एक हॅश, तीन टिंबे, दुसरा हॅश, आणि शेवटी हे बदल सक्तीने झाले अशी नोंद. तीन टिंबांच्या डावीकडचा हॅश म्हणजे पुसले गेलेले जुने टोक. तो कमिट तुमच्याकडे असेल तर एवढे पुरते:

गिट ब्रँच सुटका डावीकडचा-क्रमांक

माझ्याकडे ती ओळ होती, पण मी फेचच केले नसल्याने त्या हॅशचा कमिट माझ्या लॅपटॉपवर नव्हता. तो ज्यांनी पुश केला त्यांच्याच लॅपटॉपवर होता. यात्रेहून परतल्यावर बाईंनी लॅपटॉप उघडला, मी त्यांना ‘पुल करू नका’ असे दारातूनच सांगितले, त्यांच्या मेनवरून नवी ब्रँच काढून पुश केली, आणि तिच्यातले तीनही कमिट आम्ही चेरी-पिकने मेनवर आणले.

ओळ हाती नसेल तर आपल्या लॅपटॉपवरचा रिफ्लॉग पाहावा. गिट आपल्या प्रत्येक ब्रँचचे टोक केव्हा कोठे होते याची स्थानिक रोजनिशी ठेवते:

गिट रिफ्लॉग मेन
गिट रिफ्लॉग ओरिजिन/मेन

वेगळी सेटिंग नसेल तर या नोंदी ९० दिवस राहतात, आणि ब्रँचपासून तुटलेल्या कमिटांच्या ३० दिवस. नव्याने क्लोन केलेल्या प्रतीत मागचा रिफ्लॉग नसतो. म्हणून गडबड झाल्यावर जुने फोल्डर काढून टाकून नवे क्लोन करणे, हा सल्ला सातव्या पायरीत बरोबर असला तरी येथे घातक आहे.

१०. खूण केव्हा काढायची

सर्वांचे पुल नीट झाले, प्रणाली चालू आहे, आणि निदान एक आठवड्याची मजुरी बरोबर निघाली, असे झाल्यावरच मी बॅकअप ब्रँच काढतो. बॅकअप वेगळ्या ब्रँचचा घेतला असेल तर नाव त्याप्रमाणे बदलावे:

गिट पुश ओरिजिन --डिलीट बॅकअप-मेन
गिट ब्रँच -डी बॅकअप-मेन

दुसऱ्या ओळीतील ‘डी’ लहान अक्षरात द्यावा. तो नाकारला गेला तर त्या ब्रँचवरचे काही कमिट मूळ ब्रँचमध्ये अजून मर्ज झालेले नाहीत असा त्याचा अर्थ असतो. रिसेटच्या मार्गाने गेलेल्यांना हा नकार येणारच. त्यांनी ‘गिट लॉग मजुरी-दुरुस्ती..बॅकअप’ या धर्तीवर आपली दोन नावे घालून ती यादी एकदा वाचावी, आणि मगच मोठ्या अक्षरातला ‘डी’ वापरावा.